सूयुनच्या पायाचं माप

१७ मार्च, सोमवार

नवा बूट बोटांशी आवळतो! मी तसं सांगून टाकलं आणि आता पस्तावतेय.

सहा वर्षं मी कारखान्यात नवे बूट घालून बघायची नोकरी करतेय. माझा पाय साडेतेवीस सेंटिमीटर, ना कमी ना जास्त. बायकांचा धावायचा कुठलाही बूट आधी माझ्या पायात, मग लोखंडी साचा, मग लाखभर जोड. डिंगमास्तर ज्या फर्म्यावर, म्हणजे लाकडी पायावर, बूट बेततात, तोही माझ्याच पायावरून घासलेला. मास्तर म्हणाले, "सूयुन, तुझा पाय म्हणतो ते खरं." आणि लगेच फर्मा पुढून वाढवायला घेतला.

घरी येऊन पाय मोजला. तीन मिलिमीटर जास्त. बूट बरोबरच होता. पाय सुजलाय — मला नववा आठवडा आहे.

१८ मार्च

सांगता येत नाही. तीन महिने भरेपर्यंत बाहेर चकार शब्द काढायचा नाही, ही इथली रीत. गेल्या वर्षी मी दुसऱ्याच महिन्यात पॅकिंगमधल्या छियाओला सांगून बसले. दहा दिवसांत सगळं संपलं. सासूबाई अजून ऐकवतात, हिच्या जिभेला हाड नाही म्हणून.

यंदा घरात खिळा ठोकायचा नाही, पलंग हलवायचा नाही. बाळाचा देव कधी कुठे बसलेला असेल, नेम नाही; त्याला धक्का लागला की बाळाला इजा. आकुननं नवा पडदा दोरीनं बांधलाय. नवरा इंजिनियर, आणि पडदा दोरीवर!

तीन महिने भरतात आठ एप्रिलला. साचा कापायला जातो दोन एप्रिलला.

२१ मार्च

वाढवलेल्या फर्म्यावरचा बूट आला. छान बसला. छान बसला असं सांगितलंसुद्धा. काय करतेय मी?

२३ मार्च

रविवार. पाय भिंतीला लावून तासभर पडले. सूज आहे तशीच.

२७ मार्च

व्हायचं तेच झालं. ग्वांगचौच्या ऑफिसात त्याच मापाच्या मुलीला बूट दिला होता. तिची टाच सुटते, धावताना बूट निघून येतो. आमचे मॅनेजर सूसाहेब फर्म्याच्या खोलीत येऊन मास्तरांना सगळ्यांदेखत नाही नाही ते बोलले. म्हाताऱ्याचे डोळे गेले, पाय मोजायचं यंत्र आणतो, घरी बसा. मास्तर एकसष्ट वर्षांचे. एवढंच म्हणाले, "सूयुनच्या पायाला बसलाय. तिचा पाय खोटं बोलत नाही."

सूसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. हो म्हणून! जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

३० मार्च

सासूबाईंना आडून विचारलं — एकाच माणसाला, तेही भल्यासाठी सांगितलं तर? पेजेत आलं किसत होत्या. हात थांबला. नऊ दिवस तोंड शिवून बस म्हणाल्या. मास्तरांची नोकरी गेली तर त्यांची दोन पोरं आहेत बघायला, तुझ्या पोटातलं कोण बघणार?

मी मास्तरांचं नावही काढलं नव्हतं. म्हणजे त्यांना कारखान्यातलं सगळं ठाऊक आहे. आमच्या चेनदाय गावात काही लपत नाही, फक्त माझं लपवायचं.

साचा चुकीचा कापला तर मास्तर गेले. सांगितलं आणि मागच्यासारखं झालं तर? रात्रीपासून हेच. डोकं फुटायची वेळ आलीय.

३१ मार्च

सांगितलं.

सकाळी इतर कुणी यायच्या आत गेले. मास्तर फर्म्यावर चामडं ताणून खिळे ठोकत होते. म्हटलं, मास्तर, बूट चुकला नव्हता, माझा पाय सुजलाय. मला दिवस गेलेत. तीन महिने व्हायचेत.

त्यांची हातोडी हवेतच थांबली. रागावतील वाटलं होतं. त्यांनी हातोडी हळूच बसायच्या गादीवर ठेवली, तोंडातले खिळे काढून रुमालात बांधले.

"अगं पोरी, मग इथे कशाला उभी राहिलीस? मी दिवसभर ठोकाठोक करतो. जा, बाहेर जा आधी."

मला रडूच फुटलं.

दुपारी त्यांनीच सूसाहेबांना सांगितलं की मी सूयुनचा पाय जाड मोज्यावरून मोजला, चूक माझी. साचा सहा दिवस पुढे ढकलला. शिव्या खाल्ल्या, पण नोकरी राहिली. आणि हातोडी-खिळे घेऊन मागच्या अंगणात जाऊन बसले. माझं नाव कुठे आलं नाही.

४ एप्रिल

पितरांचा दिवस. सगळे डोंगरावर थडगी झाडायला गेले. मला सासूबाईंनी नेलं नाही, अशा बाईनं तिथे जायचं नसतं. घरी एकटी. पोटाला हात लावून चार दिवस मोजले. सकाळपासून मळमळ नाही, दोन वाट्या पेज प्यायले. बरं वाटलं.

७ एप्रिल

मूळ मापाचा बूट पुन्हा शिवून आला. आवळणार हे ठाऊक होतं, सोसायची तयारी करूनच पाय घातला. आवळला नाही. उभी राहिले, चालले, दोन जिने चढून उतरले. कुठेच नाही. सूज उतरली होती, आणि चार तारखेपासून मळमळही नाही.

"बसला?" मास्तरांनी विचारलं.

बसला म्हटलं. मग बाहेर येऊन आकुनला फोन केला — दवाखान्यात चल, आत्ताच्या आत्ता.