ओढा म्हणायचं नाही

मंगळवार, ४ तारीख
आधी आला तो मोजणीवाला, आणि तोसुद्धा खालच्या शेजारणीच्या दारातून. अर्ज तिचाच ना! म्हणे मी परसातल्या पाण्याला दगडांचा बांध घातला, म्हणून तिच्या भाजीला पाणी पोचत नाही. नाचता येईना, अंगण वाकडं. मोजणीवाल्याने टेप लावून बांध मोजला, माझी बदकं बिथरवली आणि सांगून गेला की शुक्रवारी कचेरीतल्या मोठ्या बाई येतील. जमीन माझी, दगड माझे, बदकं माझी, पाणी तेवढं सरकारचं? उद्या अंगणातून वारा गेला तर त्याचाही अर्ज करतील.

बुधवार, ५
सूनबाईने नियम वाचून दाखवला. पावसापुरती वाहते ती ओघळ. ती आपली, बांध राहतो. वर्षभर वाहतो तो ओढा. तो अडवला तर बांध फोडतात. म्हणाली, आई, शुक्रवारी एकच शब्द बोलायचा, ओघळ. बाकी तोंडाला कुलूप. मी म्हटलं, मला काय शिकवतेस, सहा नणदांत तोंड मिटून संसार केलाय. हसली का कोण जाणे.

गुरुवार, ६. सकाळी, आणि परत दुपारी
ओघळ. ओघळ. ओघळ. पाठ झालं. तरी बूड टेकत नाही, पाचदा बांधापर्यंत जाऊन आले. पाण्यासमोर उभं राहून ओघळ म्हटलं की चांगल्या धडधाकट माणसाला आजारी म्हटल्यासारखं वाटतं. उद्या जमेल. माझी जीभ माझ्या ताब्यात आहे.

शुक्रवार, ७
मोठ्या बाई आल्या! काय गोड बाई! बुटांसकट चिखलात उतरल्या, बदकांशीही बोलल्या. मी म्हटलं, ओघळ आहे. ठरल्याप्रमाणे. तर त्या म्हणाल्या, मग उन्हाळ्यात कोरडी पडत असेल ना, आजी? कोरडी? आता हे कोण ऐकून घेईल? चाळीस वर्षं झाली या घरात येऊन, म्हटलं, एक दिवस आटली नाही! सगळ्यांच्या विहिरींनी तळ दाखवला तरी आळी इथे घागरी घेऊन यायची. मासेही मोजून दाखवले. बाई लिहीत होत्या. माझं बोलणं कुणी लिहून घेतलं, असं जन्मात पहिल्यांदा. सूनबाई मागे सारखी खोकत होती, तिच्या छातीचं बघायला हवं. खाली मी सही केली. अंगठा नव्हे, चांगली पूर्ण सही. बांध वाचला म्हणून समजा.

सोमवार, १०
कागद आला. मालकिणीच्या जबानीवरून बारमाही ओढा, असं लिहिलंय. जबानी! केवढा मान. पुढचं सूनबाईने हळू वाचलं. बांध काढायचा. मी म्हटलं, मी ओढा म्हटलंच नाही. ती म्हणाली, आई, तेवढा एक शब्द सोडून सगळं म्हणालात.
मग फोन केला. म्हटलं, म्हातारीचं बोलणं काय मनावर घेता, मला उठता-बसता विसरायला होतं. मोठ्या बाई म्हणाल्या, आजी, तुम्हाला तर मासेसुद्धा मोजून माहीत होते. मी गप्प. आयुष्यात जमलं नाही ते फोनवर जमलं.
यंत्र तरी आणू नका, म्हटलं, बदकं घाबरतील. ते ऐकलं. दगड हाताने काढतील.
गुरुवारी येणार. १३ तारीख, सकाळी दहा. चार माणसं.