यान्तिनच्या सुरकुत्या

ती. सौ. अक्का,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे तूर्त पंचांगावर भागवून घे). तुझी साखर, भावोजींचा खोकला आणि माळ्यावरची मांजर आपापल्या जागी स्थिर असतील अशी आशा करतो. माझ्याकडे थंडी, फोटो-स्टुडिओ आणि शेजारी, तिन्ही जोरात आहेत.

आमच्या या डच खेड्यात बाई पन्नाशीची झाली, की शेजारी तिच्या घरापुढे तिचा दाराएवढा फोटो उभा करतात. येणारेजाणारे भोंगे वाजवतात, यथेच्छ थट्टा करतात आणि केक खाऊन जातात. समोरच्या यान्तिनने वर्षानुवर्षे गावभर हा उद्योग पुढाकाराने केला. यंदा तिची पाळी, आणि ती (तोंडाने 'नको गं बाई' म्हणत) केव्हापासून वाट पाहत होती. तिच्या नवऱ्याने, रूलोफने, फोटो गुपचूप माझ्याकडे दिला. "मास्तर, जरा नीट दिसू दे हं!" (एके काळी मी संस्कृत शिकवीत असे, हे इथे कुणी विसरू देत नाही.) आता 'जरा' हा शब्द माझ्या स्वभावाला कधी मानवला आहे का, तूच सांग. संगणकावर त्वचा मऊ करायची एक पट्टी असते. ती उजवीकडे सरकवली की माणूस तरुण होतो. मी ती डोळ्यांखाली सरकवली, कपाळावर सरकवली, हनुवटीवरचा तीळ डाग समजून पुसला. हा हा म्हणता यान्तिन सगुणातून निर्गुणात गेली आणि चेहऱ्यावर उकडीच्या मोदकाची तुकतुकी आली. त्या भरात हा नवा फोटो मूळ फोटोवरच जतन केला आणि मूळ घालवून बसलो.

शनिवारी सकाळी फलक उभा राहिला. एक भोंगा वाजेल तर शपथ! कुणाला ती साबणाची जाहिरात वाटली, कुणाला वाटले घर विकले. रूलोफच्या म्हाताऱ्या आईने काठी टेकत फलक न्याहाळला आणि लेकाला विचारले, "नवी बायको केलीस, आणि मला कळवलं नाहीस होय रे?" यान्तिन रडकुंडीला आली. "मास्तर, सगळ्यांच्या पन्नाशीला मी हसले. आज मला हसायला कुणी थांबेना! माझा चेहरा परत आण."

मूळ फोटो नाही म्हटल्यावर तिने माझ्या हातात काळा मार्कर कोंबला आणि स्वतः फलकाशेजारी उभी राहिली. मी शिडीवर, ती खालून फर्मावते आहे: "डोळ्यांच्या कडेच्या काढ, त्या हसून पडल्यात. कपाळावरची आडवी रूलोफची. ती खोल काढ."

"एवढी?" रूलोफ म्हणाला.

"गप्प बस, नाहीतर दुसरीही काढायला लावीन."

शेवटी तीळ टेकवला, तोच पाववाल्याची गाडी थांबली. "अरे, ही तर आपली यान्तिन!" आणि त्याने असा भोंगा वाजवला की शिडीसकट मी हाललो. मग रांगच लागली. यान्तिन हसून हसून रडली आणि केक एवढ्या झपाट्याने संपला की मला चमचाही चाटायला मिळाला नाही.

तेव्हापासून मी ठरवून टाकले आहे, अक्का: आयुष्याने चेहऱ्यावर लिहिलेले भाष्य पुसू नये. टीकेवाचून मूळ ग्रंथ लागत नाही.

तुझा धाकटा,
मुकुंद

ता. क. : पुढच्या महिन्यात माझी पन्नाशी. पुरुषांनाही इथे सुटका नाही. रूलोफने तुझा पत्ता मिळवला आहे. तो माझा जुना फोटो मागेल. मुंजीतला (घेरा, लंगोटी, वाहते नाक) दिलास तर बघ! सोबत जोडलेला पाठव.

आणखी एक : हा फोटो अगदी आहे तसा आहे, पट्टी जेमतेम सरकवली आहे. भावोजींना ओळख पटली नाही, तर मागे नाव लिहिले आहे.