आण्णांसाठी एकतीस बटणं

४ नोव्हेंबर, मंगळवार
आजपासून परत कामावर. म्हणजे मधल्या खोलीतलं तेच टेबल. टीम लीड विवेकसरांनी पुण्याहून विचारलं, वडील कसे आहेत? म्हटलं, बरे आहेत. बरे म्हणजे धरून चालतात, उजवा हात थोडा हलतो. बोलणं गेलं. समजतं सगळं, डॉ. म्हणाले, फक्त शब्द बाहेर येत नाहीत. "ह्हे, ह्हे" एवढंच येतं.
शेजारच्या काकू भेटायला आलेल्या. आई त्यांना सांगत होती, "स्नेहल घरात हुती म्हणून. घरातनं काम करतीया म्हणून वाचला माणूस." काकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. कॉल आहे असं सांगून आत आले. कॉल नव्हता.

६ नोव्हेंबर
लिहून टाकते. कुठंतरी असायला हवं.
आण्णांना पक्षाघाताचा झटका आला त्या दिवशी अकराचा डेमो. क्लायंटसमोर नवीन साइट दाखवायची, महिनाभर राबलेले. आई मंदिरात. कानाला हेडफोन. सव्वाअकराच्या सुमाराला आण्णा दारात आले. तोंड हलत होतं. मी नेहमीसारखा पंजा दाखवला. थांबा. ते चौकट धरून थोडा वेळ उभे राहिले, मग गेले. डेमो बारापर्यंत चालला. छान झाला. बाहेर आले तर आण्णा दिवाणावर, तोंड एका बाजूला ओघळलेलं, शर्टावर लाळ.
दवाखान्यात विचारलं, "कधी सुरू झालं? नक्की वेळ सांगा, इंजेक्शन त्यावरच ठरतं."
मी म्हणाले, "आत्ता, बाराला."
इंजेक्शन दिलं. वेळेत आणलंत म्हणाले. त्या पाऊण तासात काय काय गेलं ते कुणालाच सांगता येणार नाही. मी पंजा दाखवला हे फक्त आण्णांना माहीत आहे.

७ नोव्हेंबर
पंज्याचं. शिरोलीच्या कारखान्यात बत्तीस वर्षं लेथवर काढलेला माणूस. मशीनच्या आवाजावर आवाज काढायची सवय, रिटायर झाल्यावरही गल्लीच्या टोकाला ऐकू जायचे. घरातून काम सुरू झालं तेव्हा मीच नियम केला, पंजा दिसला की बोलायचं नाही. पहिल्यांदा जाम चिडले. "माझ्या घरात मी कुजबुजू व्हय?" मग शिकले. चपला हातात घेऊन दारावरून जायचे. मी आईला कौतुकानं सांगायचे, बघ, आण्णा किती बदलले.

८ नोव्हेंबर, शनिवार
स्पीच थेरपीच्या मॅडम म्हणाल्या, चित्रांचा बोर्ड करा, बोट ठेवून मागतील. म्हटलं, मी टॅबवरच करते. बटण दाबलं की टॅब बोलेल. घरी येऊन दोन तासांत सहा बटणं. आवाज टॅबमधलाच, तयार. आण्णांनी डाव्या हातानं पहिलं बटण दाबलं. "मला पाणी हवे आहे."
आई स्वयंपाकघरातून, "ही कोण बाई?"
आण्णांनी टॅब उलटा करून ठेवला.

१२ नोव्हेंबर
घरगुती उपकरणांच्या क्लायंटचं काम. त्यांना साइटवरचं 'तक्रार नोंदवा' बटण वरून काढून तळाला हवं. बारीक अक्षर, करडा रंग. असायला हवं पण डोळ्यात भरायला नको, असं सर म्हणाले. पंधरा मिनिटांत केलं. या कामात माझा हात चांगला बसलाय. चार वर्षांत किती साइटींवर हे केलं ते आठवत बसले.
टॅब तसाच पडून. आण्णा हात लावत नाहीत.

१५ नोव्हेंबर
बाळूकाका आले. आण्णांच्या शेजारच्या मशीनवर होते, आवाज तसाच फुटका. मोबाईल पुढं धरला, म्हटलं, आण्णा बोलायचे तसं बोला. काका आधी लाजले. मग सुरू झाले.
"ए, पाणी आण की."
"दुखतंय हितं."
"पंखा बंद कर, गारठलो."
हाक मारायला "स्नेहल, ये की हिकडं."
सव्वीस झाली. तीन पानं. एक खाण्यापिण्याचं, एक दुखण्याचं, एक माणसांचं. काका म्हणाले, "शिव्या न्हाईत ह्यात? मग ह्यो बोलणार काय?" एक सौम्यशी घातली. सत्तावीस.
संध्याकाळी आण्णांनी पाण्याचं बटण दाबलं. काकांचा आवाज घरभर. आईच्या हातातलं उलथनं खाली पडलं. मग दाबतच सुटले, पाणी, पंखा, शिवी, पाणी. हसत होते. एका बाजूनंच हसू येतं. आईनं चार वेळा पाणी आणलं, चारही वेळा त्यांनी घोट घेतला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा घरात बरं वाटलं.

१९ नोव्हेंबर
मॅडमना दाखवलं. खूष झाल्या. सगळी पानं बघितली, मग म्हणाल्या, "राग कुठंय? 'नको' कुठंय? घरची माणसं नेहमी स्वतःला ऐकायला बरं वाटेल तेवढंच घालतात."
मी म्हणाले, स्क्रीनवर जागा नाही.
खोटं. आणखी एक पान म्हणजे पाच मिनिटांचं काम. मॅडमना ते कळायचं कारण नाही.

२२ नोव्हेंबर
चौथं पान केलं नाही. ऑफिसचं काम आहे, बग आलेत, सोमवारी साइट लाइव्ह जाणार. कारणं भरपूर.
खरं असं की 'तक्रार नोंदवा' मी घरातही तळाला नेऊन ठेवलंय. तळालासुद्धा नाही. ठेवलंच नाही.

२४ नोव्हेंबर
लाइव्हच्या कॉलवर असताना बाहेरून, "स्नेहल, ये की हिकडं." हेडफोनमधूनही ऐकू आलं. कॉलवरच्या सगळ्यांनाही. तशीच उठले, खुर्ची पडली. आण्णांना काही झालं नव्हतं. दिवस मावळायच्या आत जेवायचं होतं, आमच्यात रात्री जेवत नाहीत, आणि आई बाजारातून यायची होती. भात कालवून भरवला. घाईत पहिला घास त्यांच्या शर्टावर सांडला. त्यांनी ते पाहिलं. घास चावता चावता माझ्याकडे बघत होते. त्या बघण्यात काय असतं ते मला कळत नाही, आणि काही नसेल असं म्हणायची सोय नाही.
परत आले तर सर म्हणाले, सगळं ठीक? क्लायंट थांबलेला. थांबू दे.

२८ नोव्हेंबर
काकांना परत बोलावलं. म्हटलं, रागाची चार वाक्यं हवीत.
"कुणाला म्हणायचंय त्याला?"
"कुणालाबी."
काका माझ्याकडे बघत राहिले. मग एकेक म्हणाले. "राग आलाय मला." "नगो म्हटलं की." "जा हितनं." शेवटचं "चुकलं तुझं." ते इतक्या जोरात म्हणाले की आई बाहेर आली. "कुणाला वराडताय, भावजी?"
"कुणाला न्हाई, वैनी. पोरीचं काम हाय."

३० नोव्हेंबर, रविवार
चौथं पान तयार आहे. माझ्या लॅपटॉपवर. टॅबवर चढवलेलं नाही. तपासून बघायच्या नावाखाली सकाळपासून "चुकलं तुझं" किती वेळा ऐकलं. आमच्या धंद्यात सांगतात, आपण केलेलं आपणच तपासू नये, दुसऱ्याकडं द्यावं.

३ डिसेंबर
रजा टाकली. आई मंदिरात गेल्यावर आण्णांच्या पुढ्यात बसले आणि सांगितलं. तुम्ही दारात आलात, मी बघितलं होतं. पंजा दाखवला. डॉ.ना वेळ खोटी सांगितली. आईला माहीत नाही. गल्लीत सगळे माझं कौतुक करतात आणि मी करून घेते. एका दमात. त्यांनी मान हलवली नाही. रडले नाहीत. मला रडू आलं.
टॅब दिला, चौथं पान उघडून. म्हटलं, वाटेल ते दाबा, मी ऐकते.
चारही बटणं नीट वाचली. बोट "चुकलं तुझं" वर आलं आणि थांबलं. मग पान मागं नेलं. तिसरं. दुसरं. पहिलं. परत पुढं. तिसऱ्यावर बराच वेळ. पुन्हा चौथं. कुठंच दाबलं नाही, शिवीसुद्धा नाही. टॅब माझ्या मांडीवर ठेवला.
"न्हाई ह्यात?" मी विचारलं.
मानेनं नाही म्हणाले.
"रागाचंच हाय का?"
डावा हात हवेत हलवला. त्याचा अर्थ हो की नाही ते कळलं नाही. पुन्हा विचारलं तर डोळे मिटून घेतले.
त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, एवढं नक्की. ते माझ्या एकतीस बटणांत नाही.

४ डिसेंबर
आईला सांगितलं. भाजी निवडत होती. निवडता निवडता ऐकलं, हात थांबले नाहीत. सगळं सांगून झालं तरी थांबले नाहीत. जुडी संपल्यावर देठं गोळा केली, ताटली बाजूला सारली. मला वाटलं मारेल. लहानपणी मारायची तशी मारली असती तर बरं झालं असतं.
म्हणाली, "गल्लीभर सांगत सुटलोय मी, पोरीनं वाचवलं म्हणून." मग ताटली उचलून, "आता काय सांगू?"
आण्णा आतल्या खोलीत होते, दार उघडं होतं. झोपलेले नव्हते.