बदकांचं तळं आणि माझ्या वाट्या

तीर्थरूप ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार. देवाच्या कृपेने इकडे सगळे धडधाकट आहेत. तुझा गुडघा काय म्हणतो? भाऊजींचा खोकला गेला का, की अजून पाहुणचार घेतोय? मागच्या रविवारी व्हिडिओवर बोलताना तू एकाएकी हिरवी झालीस आणि मग दिसेनाशीच झालीस, त्याचा राग मानू नकोस. मी मुद्दाम बंद केलं नव्हतं. त्यामागे मोठी हकीकत आहे, ती सांगायलाच हे पत्र. (फोनवर सांगितली असती, पण तू मध्येच बोलतेस.)

आमचा जुना कॉम्प्युटर तुला माहीत आहेच. त्याच्यावर मी घरखर्चाचा हिशेब ठेवते, सकाळी स्तोत्र ऐकते आणि रविवारी तुझं तोंड बघते. चिरंजीव म्हणतात, हे धूड भंगारात द्या. मी म्हणते, चालतंय ते का द्यायचं? या एका बाबतीत सूनबाई माझ्या पक्षात आहे. नोकरी सांभाळून, फावल्या वेळात, फुकट, ती अशा जुन्या कॉम्प्युटरांचा ड्रायव्हर सुधारते. ड्रायव्हर म्हणजे काय, ते मॅट्रिक झालेल्या बाईला कळलं तेवढं सांगते. कॉम्प्युटरच्या पोटात पडद्यावर चित्र काढणारं एक कार्ड असतं, आणि त्याला काम समजावून सांगणारा मध्यस्थ म्हणजे ड्रायव्हर. चित्र काढताना लागणारे आकडे हाताशी ठेवायला कार्डात छोटे छोटे खाने असतात. नव्या कार्डात ढीगभर, आमच्यात मोजके. हल्लीचं नटवं चित्र आलं की खाने पुरत नाहीत, मध्यस्थ हात वर करतो आणि पडदा आधी हिरवा, मग काळाठिक्कर.

हे काम करणारी मंडळी देशोदेशी विखुरलेली आहेत, कोणी कोणाला पाहिलेलं नाही. त्यांच्या प्रमुखाला मी मुकादम म्हणते. या मुकादमाने कळवलं की शुक्रवारपर्यंत खान्यांची टंचाई मिटली तर ठीक, नाहीतर आमच्यासारखी जुनी कार्डं ड्रायव्हरच्या यादीतून काढून टाकू. म्हणजे सूनबाईची वर्षभराची मेहनत पाण्यात आणि आमचं धूड भंगारात. पोरीचा चेहरा एवढासा झाला. मी देवापुढे दिवा लावला आणि मदतीला कंबर कसली. (इथूनच घोटाळा सुरू झाला, असं चिरंजीवांचं मत.)

परीक्षेला चित्र होतं एका तळ्याचं. त्यात बदकं, आणि पाण्यात त्यांची प्रतिबिंबं. आमच्याकडे बदकं यायची, पाणी यायचं नाही. बिचारी डांबरात पोहायची. सूनबाई सकाळी परीक्षा लावून ऑफिसला जायची. आता रिकाम्या खोलीत काही चालू दिसलं की बटण बंद करायचं, हा माझा जन्माचा नेम. पूजा आटोपून मी खोलीत डोकवायची आणि बटण बंद करायची. तिकडे ती आणि मुकादम, मशीन रोज पूजेच्या सुमाराला का मरतं, याचा कसून शोध घेत होते. उलगडा झाला तेव्हा सूनबाई मला एका शब्दाने बोलली नाही. बटणावर चिकटपट्टी तेवढी लावली.

मग मी सुचवलं, खाने कमी आहेत तर सामान माळ्यावर टाक. ती म्हणाली, "आई, तशी सोय आहे, खान्यांबाहेर मोठी जागा असते, पण तो माळा फार लांब पडतो." तरी माझा मान राखून सगळंच माळ्यावर टाकून पाहिलं. पाणी आलं गं. पण एक बदक मान वळवेपर्यंत माझी जपाची माळ पुरी झाली. माझी काही तक्रार नव्हती, मुकादमाची होती.

गुरुवारी संध्याकाळी ती दाणे घ्यायला वाटी शोधत स्वयंपाकघरात आली. मांडणीवरच्या सगळ्या वाट्या अडवलेल्या. एकीत चमचाभर लोणी, एकीत पिळलेलं लिंबू, एकीत भाजीचा एक घास, एकीत दुसऱ्या वाटीचं झाकण.

"आई, हे सगळं कशाला ठेवलंय?"

"लागलं तर?"

"या पिळलेल्या लिंबाचं काय काम उरलंय?"

"काही नाही. पण सगळा स्वयंपाक उरकेपर्यंत वाटी रिकामी करायची नाही."

तिने ती लिंबाची वाटी हातात घेतली. मग अशी हसत सुटली की ओट्याला टेकून उभी राहिली. म्हणाली, "आई, ड्रायव्हर म्हणजे अगदी तुम्हीच आहात." तोही पिळलेली लिंबं सांभाळत बसला होता. आकड्याचं काम संपलं तरी पूर्ण चित्र होईपर्यंत त्याचा खाना अडवून ठेवायचा. तिने मग प्रत्येक आकडा शेवटचा कुठे लागतो ते त्याला पाहायला लावलं, आणि तो लागून झाला की खाना मोकळा. अगदीच अडलं तर थोडंसं माळ्यावर. (ही मला शाबासकी होती की टोमणा, ते मी अजून ठरवलेलं नाही.)

शुक्रवारी सकाळी तळं आलं. निळंशार, हलतं, प्रत्येक बदकाखाली त्याचं बदक. चिरंजीवसुद्धा दात घासता घासता येऊन उभे राहिले. मुकादमाचा एका शब्दाचा निरोप आला: घेतलं. सूनबाई मला नमस्कार करायला वाकली, मी तिला आधी देवाकडे पाठवलं आणि मग पोटाशी धरलं. त्या आनंदात मी सगळ्या वाट्या मोकळ्या केल्या. टाकायचं जिवावर आलं म्हणून एकेकीतलं खाऊन टाकलं. (पोटाचं विचारू नकोस.)

आता रविवारी तू हिरवी होणार नाहीस, तेव्हा केस विंचरून बस. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी

ता.क. तुझ्या पलंगाखाली भरतकामाचा रुमाल घालून ठेवलेला कॉम्प्युटर भाऊजींबरोबर पाठवून दे. त्यातलं कार्ड आमच्याहून जुनं, खाने आणखी कमी. मुकादमाने आता तसल्या कार्डांचं कामही सूनबाईच्या गळ्यात घातलंय आणि ती आनंदाने घरभर नाचतेय. चिरंजीवांना कळू देऊ नकोस. मी घरातली अडगळ काढायला घेतली आहे असं त्यांना सांगितलंय, आणि त्यांचा विश्वास बसलाय.

आणखी एक ता.क. माझी झाकणाची वाटी तुझ्याकडे राहिली आहे, तीही त्यातच घाल. इथे पुन्हा एकही मोकळी नाही.