लांब दांड्याचा ड्रायव्हर

घणसोली, शुक्रवार, मार्च १९९७

डोकं अजून तापलेलं हाय. परवा कविताची गोल्फची निवड. हिचा बाप गोल्फच्या मैदानावर गवत कापतो, तिथंच शिकली पोर. तिथं खेळायला येनाऱ्या बेलापूरच्या एका रिटायर साहेबांनी आज आमाला घरी बोलावलं. बायकोचे दोन जुने ड्रायव्हर काढून ठेवले, लांब फटका मारायच्या काठ्या. म्हनाले, "यातला एक तुझा."

मी लगेच सांगितलं, "लांब दांड्याचा घे. वाढतं अंग हाय." चुकलं काय माझं? तिचे सगळे फ्रॉक मी दोन बोटं लांबच शिवलेत.

कवितानं दोन्ही काठ्या उचलल्या. मागच्या मोकळ्या मैदानात गेली. लांब काठीनं जितक्यांदा मारला तितक्यांदा बॉल उजवीकडं झुडपात. मग आखूड घेतली. बॉल सुतासारखा सरळ गेला.

"हीच घेते," म्हनाली.

"अगं, वर्षात आखूड पडंल!"

"आये, फ्रॉकला दुमड घालता येते. काठीला कुठं घालू? आनि निवड परवा हाय, पुढच्या वर्षी नाय."

साहेब हसले. मला राग आला, पन बघतच राहिले. तिनं परत काठी मागं नेली तेव्हा पोरीचा डोळा बॉलवरनं हलला नाय. माझ्यासमोर पन नाय हलली. कोनावर गेली ही?

आता परवाची पँट शिवायला बसले. सवयीनं दोन बोटं जास्त धरली होती. कापून टाकली. ही तिच्या मापाची.