भाऊबीज माझ्या खोलीवर

सिडको, नाशिक
५ ऑक्टोबर २०२५

ती. दादास,
सायलीचा शि. सा. न.

कागद आणून वीस दिवस झाले, लिहायला आज बसले. आळस, दुसरं काय. त्यात तू माझा नंबर ब्लॉक केलास, म्हणजे तुझ्याशी भांडायलाही पोस्टाचं पाकीट लागतं.

मी खोली घेतली. ज्या बेकरीत काउंटरवर असते, तिथला भंगारात चाललेला छोटा ओव्हन मालकानं मला देऊन टाकला. पहिल्या दिवशी वरण-बट्टी केली. बट्ट्या वरून कोळसा, आत कच्च्या. गल्लीतल्या कुत्र्यानं वास घेतला आणि निघून गेलं. कुत्रं लंगडं आहे, पण रिक्षामागं काय पळतं! असो. दुसऱ्या दिवशी गोळे लहान केले, आच कमी केली. तिसऱ्या दिवशी बट्टी फोडली तर वाफ निघाली. तूप ओतून चार खाल्ल्या आणि जन्मात पहिल्यांदा वाटलं, आता इथून हलायचं नाही.

तू घरमालकीण फुलाबाईंना फोन केलास ते कळलं. पोरगी घरातून पळालीय, दिवाळी झाली की खोली खाली करून घ्या, असं सांगितलंस म्हणे. पळाले नाही रे, तुझ्यासमोर दारातून बॅग घेऊन गेले. आता त्या म्हणतात, घरचं मोठं माणूस येऊन आम्ही हिच्या पाठीशी आहोत असं सांगू दे, नाहीतर एक तारखेला कुलूप. म्हणून भाऊबीजेला तू इथं ये. ओवाळते, बट्टी जेव, त्यांच्याशी एक वाक्य बोल आणि जा.

लोभ आहे तेवढा पुरे, वाढवू नकोस.
सायली


सटाणा
११ ऑक्टोबर २०२५

चि. सायलीस,
अ. उ. आशीर्वाद, रीत म्हणून.

भाऊबीजेला भाऊ बहिणीकडे जातो, ते तिच्या सासरी. लग्नाआधी वेगळी चूल मांडून भावाला बोलावणारी पोरगी आपल्या घराण्यात झालेली नाही. मी तिथं पाटावर बसलो की तुझी खोली घर ठरते, एवढं मला कळतं. म्हणूनच येणार नाही.

बारावीचे दोन पेपर राहिले ते राहिलेच. पिंपळगावला द्राक्षाच्या पॅकिंगला चार महिने, पुण्याला सहा, गोव्यात काय केलंस ते तुलाच ठाऊक. बट्टी काय, रानात मजूरही गोवऱ्यांवर भाजतात. त्यानं घर होत नाही. आई तुझं नाव काढत नाही. तुझी वहिनी रूपाली मधे बोलायला गेली, तिला गप्प केलं.

पाट इथं मांडलेला असेल. आली नाहीस तर दुसऱ्या दिवशी टेम्पो आणतो आणि ओव्हनसकट भरतो, कांदा भरतो तसा.

तब्येत सांभाळ. बाकी काही सांभाळायची तुझी लायकी नाही.
गोरक्ष


सिडको, नाशिक
२३ ऑक्टोबर, भाऊबीज, दुपार

ती. दादास,
सा. न.

कांदा भरण्याआधी निदान भाव तरी ठरतो. मला कुणी विचारलंय?

पाट मांडलाय, वरण उकळतंय, बट्ट्या आत आहेत. नानकटाईही केली. दिवाळीत बायका घरून पीठ मळून आणतात, बेकरीच्या भट्टीवर भाजून नेतात. यंदा दोघींचे ट्रे माझ्याकडून अदलाबदल झाले आणि ज्या भांडल्या! फुलाबाई दोनदा डोकावून गेल्या, भाऊ आला का म्हणून. वाटेत आहे म्हणाले. तुझ्यापायी सणाच्या दिवशी खोटं बोलले.

थांब, दार वाजतंय.

दादा, रूपाली वहिनी आलीय. एकटी. नांदगावला माहेरी जाते सांगून निघाली आणि नाशिकच्या एसटीत बसली. तिच्या भावाला कळवलंय, उद्या येते म्हणून. जिना चढायच्या आधीच फुलाबाईंना सांगून आलीय की मी घरातली थोरली सून, पोरगी इथंच राहील, आणि मी येत-जात राहीन. वर येऊन कुणाला न विचारता पाटावर बसली.

भावाच्या जागी वहिनीला ओवाळतात का, मला माहीत नाही. मी ओवाळणार आहे. एक बट्टी तिनं आधीच फोडली, मीठ कमी आहे म्हणते.

लोभ नसला तरी चालेल, रागात खंड नको.
सायली