यास्मीन मॅडमच्या शंका

५ मार्च २०२३, रविवार

आली परत! आज तर सकाळी नऊलाच. "भाऊ हायेत काय घरी?" भाऊ म्हटलं की माणूस भाऊ होतो काय?

ही समोरच्या घरात भाड्यानं आलेली यास्मीन मॅडम. बाळापूरची. कृषी विद्यापीठात बोंडअळीवर काम करते, एकटी राहते. शेतातले अळीचे सापळे बघायला विद्यापीठाच्या रस्त्यांवर दिवसभर पायपीट होते म्हणे, म्हणून विजेवर चालणारा स्केटबोर्ड घ्यायचाय. म्हणजे फळी, खाली चार चाकं, हातात रिमोट. स्कूटीची भीती वाटते आणि फळीची नाही! यांचं मोटर वायंडिंगचं दुकान, म्हणून सगळ्या शंका यांनाच.

आजची शंका – फळी वजन किती पेलते? हे म्हणाले, "तुमचं किती हाये?" तिनं सांगितलं. लग्नाला सात वर्षं झाली, माझं वजन कोणी विचारलं नाही.

९ मार्च

आजची शंका – एका चार्जिंगमध्ये किती लांब जाते? हे दारात उभं राहून चहा गार होईपर्यंत बोलत होते. मग जेवताना माझ्याशी बोलले, "भाजीत मीठ कमी हाये."

१४ मार्च

यांना वेळच वेळ आहे. लोकांचा कापूस अजून घरात पडून, भाव वाढेल म्हणून थांबलेत. हिवरखेडला आमच्या बाबांची पुढची खोली छतापर्यंत भरलीय, आईच्या अंगाला नुसती खाज. कापूस विकल्याशिवाय मोटर दुरुस्तीला कोण आणणार? मग दुकान लवकर बंद, आणि समोरच्या ओट्यावर वर्ग सुरू.

आज यांनी तिला कॅलेंडरच्या मागं चित्र काढून दाखवलं. "बॅटरी म्हणजे टाकी समजा, मॅडम." ती मान हलवते, हे खुलतात. चित्र छान काढलं होतं, ते खोटं कशाला बोलू. मी बैठकीतल्या पंख्याचा रेग्युलेटर बदलून मागतेय दिवाळीपासून, तिकडे बघायला सवड नाही.

रडू आलं. कांदा कापायला घेतला.

२१ मार्च

फळी आली. खोकं उघडायला हे धावले. दोघं खोक्याच्या दोन बाजूंना गुडघे टेकून बसलेले, आणि मी दारात, कुणी आत बोलावायची वाट बघत!

यांनी फर्मान सोडलं – "पयली चार्जिंग रातभर द्या. फवारणी पंपाच्या बॅटरीले आपण तसंच करतो." सोबतची माहितीपुस्तिका वाचतो म्हणून घरी आणली आणि टीव्हीवर ठेवून झोपले.

मी वाचली. इंग्रजी, पण बी.कॉम. झालेय मी, आणि अडलं तिथं मोबाइल आहे. चार तासांत भरते. हिरवा दिवा लागला की काढायची. रात्रभर अजिबात लावायची नाही.

आता माझं ठरलं. हिच्या सगळ्या शंका मीच मिटवणार. यांच्यापर्यंत एकही पोचू द्यायची नाही.

२२ मार्च

उजाडताच गेले. चार्जर भिंतीत, दिवा कधीचा हिरवा. मी सरळ काढलाच.

"रातभर नसते लावाचं, मॅडम."

"पण भाऊ तर बोलले..."

"भाऊले पंपाचं समजते. याचं मले विचारत जा."

ती हसून म्हणाली, "ठीक है भाभी. आजसे आपही हमारी उस्ताद." टोमणा होता की काय, कळलं नाही. पण घरी येताना पाय जमिनीवर नव्हते.

२ एप्रिल

दहा दिवसांत ती यांच्याकडे फिरकली नाही! रिमोटला वेगळं चार्जिंग लागतं काय – मला विचारलं. पावसात चालते काय – मला. नाही चालत म्हटलं, पाण्यापासून जपायची.

आज दुपारी उन्हातून आली आणि फळी तशीच चार्जिंगला लावायला निघाली. मी हात धरला. म्हटलं, "आधी गार होऊ द्या. उन्हातून आलेल्या माणसाले आपण लगेच थंड पाणी देतो काय?"

"पानी का नाम मत लो भाभी, रोजा है मेरा." ओठ पार सुकले होते तिचे, तरी हसत होती. संध्याकाळी टरबूज कापून नेऊन दिलं.

हे ओट्यावर एकटे बसून असतात. बसा म्हटलं. चांगली जिरली.

१४ एप्रिल

जयंती. पांढरी साडी नेसून मिरवणुकीला निघाले, तर ती दारात उभी. "वा भाभी, एकदम मस्त दिसून राहिल्या." हे पुढं निघून गेले होते, त्यांनी पाहिलंही नाही.

१६ एप्रिल, रविवार

कुणाला सांगायचं नाही म्हणून इथं लिहिते. आज मी फळीवर चढले!

सकाळी तिच्यासोबत विद्यापीठात गेले. रस्ता मोकळा, दोन्हीकडे झाडं. तिनं माझे दोन्ही हात धरले आणि ती उलटी चालत होती. "अपेक्षा, गुडघे ढिले सोड. खाली नको पाहू, माझ्याकडे पाहा." अपेक्षा म्हणाली. भाभी नाही. मग हात सोडले, मी चार झाडं ओलांडली आणि आपटले. दोघी रस्त्यात बसून हसलो.

गुडघा खरचटला. घरी आले तर हे – "चहा कुठी हाये?" केला चहा.

२२ एप्रिल

ईद. शिरखुर्मा आधी आमच्याकडे आला. वाटी रिकामी कशी परत करायची, म्हणून पुरणपोळी केली. आणि तिच्याकडेच बसले, अंधार पडेपर्यंत.

३० एप्रिल

हे म्हणाले, "आजकाल तू घरी राहातच नाही वो." मी म्हटलं, मॅडमच्या शंका असतात.

संध्याकाळी पाहिलं तर यांनी पंख्याचा रेग्युलेटर बदललेला. न सांगता. "पाह्य, कसा फिरून राहिला." मी पाहिला. फिरत होता. आता अकोल्यात पंख्याची हवाही गरमच लागते.

६ मे

हे जेवायला आले, ताटावर बसले आणि सहज म्हणाले, "यास्मीन मॅडम आल्ती दुकानात. रिमोट चालू होऊन नव्हता राहिला. दिला करून."

तीच आग. मार्चमधली. भात वाढता वाढता लक्षात आलं, मी यांच्यावर चिडलेच नव्हते. हे तिच्याशी बोलले काय, न बोलले काय. ती माझ्या दारावरून दुकानात गेली.

रिमोटचं तर मला येत होतं.